रोपे सरासरीवर जगत नाहीत

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा सुरू होतो आणि लगेच शिरवळ लागते. पुढे खंबाटकीचा घाट. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या टेकड्या उन्हाळ्यात पिवळ्या-करड्या दिसतात. त्यांच्या उतारांवर नीट पाहिले तर ओळीने घेतलेले खड्डे आणि चर दिसतात. काहींत गिरिपुष्पाची झुडपे असतात, बरेच रिकामे असतात.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही दोघे सहकारी शिरवळच्या परिसरातील एका शाळेत गेलो होतो. विज्ञानाचे शिक्षक आम्हाला शाळेमागच्या टेकडीवर घेऊन गेले. मुलांनी जुलैत मोठ्या उत्साहाने लावलेल्या रोपांपैकी थोडीच जिवंत होती. बऱ्याच ठिकाणी वाळलेली काडी आणि खड्ड्याच्या तोंडाशी अडकलेली काळी पिशवी एवढेच उरले होते. शिक्षक म्हणाले, "सर, खड्डे नियमाप्रमाणे घेतले होते. रोपे रोपवाटिकेतून आणली. पाऊसही त्या वर्षी सरासरीइतका झाला. मग चूक कुठे झाली?"

परत आल्यावर त्यांनी शाळेची नोंदवही दाखवली. लागवडीची तारीख, रोपांची संख्या, आलेल्या पाहुण्यांची नावे आणि छायाचित्रे सर्व काही व्यवस्थित होते. जगलेल्या रोपांसाठी मात्र वहीत रकानाच नव्हता.

शिक्षकांचा प्रश्न प्रामाणिक होता. त्यातला 'सरासरीइतका पाऊस' हा शब्दप्रयोग आणि वहीतला तो नसलेला रकाना यांचा एकमेकांशी संबंध आहे, असे आम्हाला वाटते. या लेखातील टीका त्या शाळेवर नाही. आपण सर्वांनीच, आमच्यासारख्या संशोधकांसह, वृक्षलागवडीचा जो हिशेब मान्य केला आहे त्याच्यावर आहे.

लावलेल्यांचा हिशेब

महाराष्ट्रात २०१६ पासून वृक्षलागवडीचा फार मोठा कार्यक्रम झाला. १ जुलै २०१६ रोजी एका दिवसात २ कोटी रोपांचे लक्ष्य होते. २०१७ मध्ये जुलैच्या पहिल्या आठवड्यात ४ कोटी, २०१८ मध्ये जुलै महिन्यात १३ कोटी आणि २०१९ मध्ये १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात ३३ कोटी अशी लक्ष्ये वाढत गेली. शाळा, महाविद्यालये, ग्रामपंचायती, सरकारी कार्यालये सगळे त्यात उतरले. पुढे जगलेल्या रोपांच्या आकड्यांवरून वाद झाले आणि २०२१ मध्ये चौकशीसाठी आमदारांची समितीही नेमली गेली. ५ जून २०२४ पासून 'एक पेड माँ के नाम' ही देशव्यापी मोहीम सुरू झाली आणि तिच्यातही शाळांचा वाटा मोठा आहे.

पैशांची चौकशी करणे हा आमचा विषय नाही. आमचा आक्षेप मोजमापाच्या पद्धतीवर आहे. लक्ष्य लागवडीचे असते, म्हणून यशही लागवडीच्या दिवशीच जाहीर होते. डॉक्टरने किती रोग्यांना औषध दिले एवढेच मोजावे आणि किती बरे झाले हे विचारू नये, तसा हा प्रकार आहे. जगलेली रोपे मोजली जातात तेव्हाही एकच टक्केवारी सांगितली जाते. कोणती जगली, कोणती मेली, कोणत्या महिन्यात मेली आणि जगलेली किती वाढली, हे त्या टक्केवारीतून कळत नाही. शिकण्यासारखे असते ते नेमके याच तपशिलात.

आशियातील उष्ण व उपोष्ण प्रदेशांमधील १७६ पुनर्वनीकरणाच्या जागांची माहिती एकत्र करून २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लावलेल्या रोपांपैकी सरासरी १८ टक्के पहिल्याच वर्षात मेली होती आणि पाच वर्षांत हा आकडा ४४ टक्क्यांपर्यंत गेला होता. म्हणजे पहिल्या वर्षाच्या शेवटी शाबासकी घेऊन वही बंद केली, तर निम्म्याहून अधिक मृत्यू आपल्या नजरेआड होतात. जागोजागचे आकडे तर एकमेकांपासून फार दूर होते. काही ठिकाणी बहुतेक रोपे जगली, काही ठिकाणी जवळजवळ सगळी गेली.

मोठ्या झाडांची साक्ष

२०२५ च्या जुलैमध्ये उष्ण कटिबंधातील झाडांच्या वाढवलयांवर एक महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ३६ देशांतील सुमारे ५०० ठिकाणच्या झाडांच्या वीस हजारांहून अधिक वलयमालिका त्यासाठी तपासल्या होत्या. निष्कर्ष दिलासा देणारा होता. अतिशय कोरड्या वर्षांत खोडाची वाढ सरासरी फक्त २.५ टक्क्यांनी घटते आणि बहुतेक ठिकाणी पुढच्या वर्षी झाड सावरते. 'दुष्काळाचा झाडांवर फारसा परिणाम नाही' असा याचा अर्थ कोणी काढला तर नवल नाही.

निबंध उत्तम आहे, पण त्याचा असा अर्थ काढणे चूक आहे. त्याच लेखकांनी कोरड्या वर्षांत झाडे मरण्याचे प्रमाण थोडे वाढते, असेही नोंदवले आहे. आमचा मुद्दा त्याहून साधा आहे. वलये मोजण्यासाठी झाड पुरेसे जुने आणि जाड असावे लागते. म्हणजे ही साक्ष अशा झाडांची आहे, जी आपल्या बालपणातून सुखरूप बाहेर पडली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी केरळमधील सागाच्या वलयांची ५२३ वर्षांची मालिका तयार केली आणि २०१० मध्ये प्रसिद्ध केली. एल निनोच्या वर्षांतील मोसमी पावसाच्या अवर्षणाच्या खुणा तीत अरुंद वलयांच्या रूपाने दिसतात. त्याच दुष्काळांत शेजारी वाळून गेलेल्या सागाच्या रोपांचे एकही वलय त्या मालिकेत नाही, आणि ते असूही शकत नाही.

युद्धावरून परतलेल्या सैनिकांनाच विचारून युद्ध किती धोकादायक होते हे ठरवले, तर उत्तर सौम्यच येईल. वर्गात संख्याशास्त्र शिकवताना नमुना कसा निवडला याला महत्त्व द्यायचे ते याचसाठी. मोठ्या झाडांच्या सहनशक्तीवरून शाळेमागच्या हातभर रोपाचे भवितव्य सांगता येत नाही.

रोप म्हणजे लहान आकाराचे झाड नव्हे

पंचवीस वर्षांच्या कडुनिंबाची मुळे खडकाच्या फटींतून खोल गेलेली असतात. वरची मातीची हातभर जाडीची चादर पूर्ण सुकली तरी खालच्या ओलीशी त्याचा संबंध टिकतो. पहिल्या वर्षाच्या रोपाची सगळी मुळे त्याच हातभर थरात असतात. शिरवळजवळच्या टेकड्यांवर काळ्या पाषाणावर मुरूम आणि त्यावर मातीचा पातळ थर आहे. हा थर पंधरा-वीस दिवस पाऊस न पडल्यास सुकू शकतो. कडुनिंबासाठी तो मधला खंड असतो. रोपासाठी तोच दुष्काळ असतो.

आता पाणी वर कसे चढते ते पाहू. पानांतून बाष्प बाहेर पडते आणि त्याच्या ओढीने खोडातील बारीक नळ्यांमधून पाण्याची अखंड तार वर खेचली जाते. माती सुकली की मुळांना पाणी मिळेनासे होते, पण वरची ओढ चालूच राहते. तार जास्त ताणली गेली की नळीत हवा शिरते, बुडबुडा तयार होतो आणि ती नळी निकामी होते. मोठ्या खोडात अशा असंख्य नळ्या असतात, त्यामुळे काही बंद पडल्या तरी भागते. पेन्सिलीएवढ्या खोडाच्या रोपाजवळ राखीव नळ्या थोड्याच असतात.

हे टाळण्यासाठी रोप आपली पर्णरंध्रे मिटून घेते. पाणी वाचते, पण त्याच रंध्रांतून आत येणारा कार्बन डायॉक्साइडही थांबतो. अन्न तयार होणे बंद पडते आणि रोप साठवलेल्या पिठूळ द्रव्यावर व साखरेवर दिवस काढते. बोर्निओत दहा जातींच्या रोपांवर केलेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही रोपांना आधी अधिक प्रकाश देऊन त्यांचा साठा वाढवला होता, काहींना सावलीत ठेवून तो कमी केला होता. पाणी तोडल्यावर ज्यांच्याजवळ साठा जास्त होता ती अधिक काळ तगली. रोपवाटिकेत दाटीवाटीने, सावलीत वाढलेले उंच आणि लुसलुशीत रोप पाहून आपण खूश होतो. त्याची शिदोरी किती आहे हे मात्र आपण पाहत नाही.

उष्णतेचा भाग वेगळा सांगायला हवा, कारण तापमान आणि पाऊस यांना आपण वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवतो. ३५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ४० ग्रॅम बाष्प मावते. ४० अंशांना सुमारे ५१ ग्रॅम मावते. दोन्ही दिवशी सापेक्ष आर्द्रता २० टक्केच आहे असे धरू. पहिल्या दिवशी हवेला आणखी ३२ ग्रॅम बाष्पाची तहान असते, दुसऱ्या दिवशी सुमारे ४१ ग्रॅमची. तापमापकावर फक्त पाच अंश वाढले, पण पानातून पाणी ओढण्याची हवेची ताकद सव्वापटीहून अधिक झाली. पाऊस तेवढाच पडला तरी उष्ण वर्षाचा दुष्काळ जास्त कडक असतो, तो यामुळे.

शिवाय रोपाची पाने आणि कोवळा बुंधा जमिनीलगत असतात. मे महिन्याच्या दुपारी उघड्या, गडद रंगाच्या जमिनीचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत तापू शकतो. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, सावलीच्या पेटीत असतो. आपण वर्तमानपत्रात वाचतो ते तापमान रोपाने कधी अनुभवलेलेच नसते.

अतिपावसाचा उशिराचा मार

टोकाचे हवामान म्हटले की आपल्याला दुष्काळच आठवतो. पण पाऊस एकदम जास्त पडला तरी रोपाचे नुकसान होते, आणि ते लगेच दिसत नाही.

सपाटीच्या काळ्या जमिनीत किंवा मुरमात घेतलेल्या खोल खड्ड्यात पाणी साचते. मातीच्या कणांमधली हवा जाऊन तेथे पाणी येते. पाण्यातून ऑक्सिजन पसरण्याचा वेग हवेच्या तुलनेत दहा हजार पटींनी कमी असतो. मुळे गुदमरतात, खालची टोके कुजतात आणि रोप जमिनीच्या वरच्या भागात नवी मुळे काढते. वरून पाहणाऱ्याला रोप हिरवे दिसते. मग पावसात खंड पडतो. वरचा थर पहिल्यांदा सुकतो आणि नवी मुळे नेमकी तेथेच असतात. रोप सप्टेंबरात किंवा दिवाळीनंतर वाळते आणि आपण नोंदवतो, 'पाण्याअभावी मेले'. खरे पाहता ते जुलैच्या अतिपावसाने अधू झालेले असते.

पिशवीतले रोप या संकटात आणखी उघडे पडते. पिशवीत जास्त दिवस राहिलेल्या रोपाची मुळे तळाशी गोल गोल फिरून गुंडाळी करतात. ती तशीच लावली तर मुळे बाहेरच्या मातीत शिरायला वेळ लावतात. पावसाळ्याचे महिने हीच खोल जाण्याची संधी असते आणि तीच हुकते.

आता गेल्या काही वर्षांतील पाऊस आठवून पाहा. ३३ कोटींच्या लक्ष्याचे वर्ष २०१९. त्या वर्षी उन्हाळ्यात माण-खटावकडे टँकर फिरत होते, मोसमी पाऊस उशिरा आला आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सांगली-कोल्हापूर महापुरात बुडाले. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. शिरवळपासून महाबळेश्वर सरळ रेषेत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे आणि हा एका दिवसाचा पाऊस शिरवळकडच्या साधारण वर्षभराच्या पावसाइतका होता. ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला, नंतर मात्र जूनच्या मध्यापर्यंत त्याची वाटचाल थांबली. मेअखेरच्या पावसाला भुलून ज्यांनी रोपे लावली त्यांना पुढचे दोन आठवडे चांगलेच आठवत असतील.

आता सरासरीकडे वळू. दोन वर्षे कल्पनेत घ्या. दोन्ही वर्षी ५०० मिलिमीटर पाऊस पडला. पहिल्या वर्षी तो जून ते सप्टेंबर या काळात पन्नास दिवसांत, रोज दहा मिलिमीटर असा विखरून पडला. दुसऱ्या वर्षी जुलैत चार दिवसांत ३०० मिलिमीटर पडला, ऑगस्ट कोरडा गेला आणि उरलेला सप्टेंबरअखेर आला. तहसील कचेरीच्या नोंदीत दोन्ही वर्षांपुढे 'सरासरीइतका' असेच लिहिले जाईल. रोपाच्या दृष्टीने या दोन वर्षांत जगण्या-मरण्याचा फरक आहे. रोपाला वर्षातला सर्वांत वाईट पंधरवडा निभावावा लागतो. त्या शिक्षकांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर आमच्या मते हे आहे.

वाढ खुंटण्याची किंमत

तडाखा बसलेली सगळीच रोपे मरत नाहीत. काही पाने गाळतात, शेंडा वाळतो आणि पुढच्या पावसात बुंध्याजवळून फुटवे येतात. नोंदवहीत अशी रोपे 'जिवंत' या सदरात जातात, आणि ते बरोबरही आहे. पण त्यांचे एक वर्ष वाया गेलेले असते. दोन वर्षांत डोक्याएवढे व्हायला हवे ते गुडघ्याएवढेच राहते. शेळीचे तोंड आणि वणव्याची ज्वाळा गुडघ्यापर्यंत सहज पोहोचतात. वाढ खुंटणे म्हणजे या धोक्याच्या उंचीत आणखी एक उन्हाळा काढणे. हवामानाने मारले नाही तरी हवामानामुळे रोप अशा रीतीने दुसऱ्या कोणाच्या तरी तावडीत सापडते.

तमिळनाडूतील मुदुमलाईच्या जंगलात १९८८ पासून ५० हेक्टरांच्या तुकड्यातील प्रत्येक झाडाची नोंद ठेवली जात आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रमण सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेले हे काम आहे. तेथे बारीक खोडाच्या झाडांच्या मृत्यूत वणव्यांचा वाटा मोठा दिसला. मोठ्या झाडांच्या मृत्यूचा संबंध दोन-तीन वर्षांपूर्वीच्या अपुऱ्या पावसाशी दिसला. घाव आणि मृत्यू यांच्यात इतके अंतर असू शकते. वर्षभरात गुंडाळलेल्या नोंदवहीत हे कधीच उमटणार नाही. वर्षानुवर्षे तेच झाड मोजण्याचा कंटाळा न करणारी माणसे होती म्हणून हे कळले.

कोणते झाड, कोणत्या जागी?

पनामाची चिंचोळी भूमी एका बाजूला फार पावसाची आणि दुसऱ्या बाजूला बरीच कोरडी आहे. दोन्हींतले अंतर सुमारे ६५ किलोमीटर. तेथे ४८ जातींची रोपे घेऊन, काहींना उन्हाळ्यात पाणी देऊन आणि काहींना कोरडे ठेवून एक प्रयोग झाला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. रोप म्हणून जी जात दुष्काळ सोसू शकत नव्हती, ती मोठ्या झाडांच्या रूपातही कोरड्या बाजूला कमीच आढळली. कोणते झाड कुठे असावे याचा निकाल बऱ्याच अंशी रोपाच्या वयातच लागतो, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडे महाबळेश्वरपासून शिरवळपर्यंत त्याहून कमी अंतरात पाऊस दहाव्या हिश्श्यावर येतो. तरीही पूर्वेकडच्या मुरमाड टेकडीवर जांभूळ, बकुळ आणि घाटमाथ्यावरची इतर सदाहरित रोपे लावलेली आम्ही पाहिली आहेत. का, तर रोपवाटिकेत तीच शिल्लक होती. खैर, हिवर, धावडा, सालई, बोर, आपटा ही या कोरड्या उतारांची माहीतगार झाडे. ती सुरुवातीला वर कमी आणि खाली जास्त वाढतात. दोन वर्षे वीतभर दिसणारे बोर खाली किती गेले आहे हे उपटल्याशिवाय कळत नाही. अशा रोपाचे छायाचित्र चांगले येत नाही, हा त्याचा दोष म्हणायचा का?

उलट गिरिपुष्प कुठेही लागते, झपाट्याने वाढते आणि शेळ्याही त्याच्या वाटेला फारशा जात नाहीत. जगण्याची टक्केवारी हाच एकमेव निकष ठेवला तर गिरिपुष्पाला पहिला क्रमांक मिळेल. पण मध्य अमेरिकेतून आलेल्या एकाच झुडपाने टेकडी भरणे म्हणजे जंगल परत आणणे नव्हे. 'जगलेली रोपे मोजा' एवढी आमची मागणी असती, तर तीही अपुरीच ठरली असती.

दुसरी अडचण याहून खोल आहे. प्रत्येक उघडा माळ म्हणजे उजाड झालेले जंगल, असे आपण गृहीत धरतो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पश्चिम महाराष्ट्रासंबंधीच्या जुन्या मराठी ग्रंथांतील व मौखिक परंपरेतील वनस्पतींचे उल्लेख तपासले गेले. त्यांत काटेरी, माळरानी झाडांचे आणि गवताळ भूमीचे वर्णन शेकडो वर्षांपूर्वीपासून आढळते. म्हणजे शिरवळ-फलटण पट्ट्यातील काही माळ मूळचेच माळ असणार. तेथे गवत काढून, चर खणून दाट रोपे लावली तर गवत जाते, मेंढपाळांचे चराऊ रान जाते आणि झाडे तर वाढतच नाहीत. हिमाचल प्रदेशात कित्येक दशकांच्या लागवडीचा आढावा घेणारा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. लागवडीमुळे दाट जंगलाच्या छत्रात सरासरीने वाढ झालेली त्यातही आढळली नाही.

दोन आक्षेप

यावर आम्हाला दोन गोष्टी ऐकवल्या जातात. पहिली, 'काही न करण्यापेक्षा लावलेले बरे. शंभरातली दहा जगली तरी दहा झाडे झाली.' हे खरे आहे, पण त्या दहांसाठी शंभर रोपे, शंभर खड्डे आणि मुलांचे कितीतरी दिवस खर्च झाले. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच खड्ड्यांत तेच केले जाते. नव्वद का मेली हे कळले असते तर पुढल्या वर्षी वीस लावून पंधरा जगवता आली असती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 'झाडे जगोत न जगोत, मुलांना निसर्गाची गोडी लागते.' शिक्षकांनी यावर शांतपणे विचार करावा. जुलैत आपल्या हाताने लावलेले रोप मुलगा पुढच्या जूनमध्ये पाहायला जातो. तेथे काडी असते आणि शेजारी नवे रोप लावायला नवे पाहुणे आलेले असतात. त्याच्या रोपाचे काय झाले हे कोणी विचारत नाही. यातून तो निसर्गप्रेम शिकतो, की आकडा पुरा करून मोकळे होणे शिकतो? विज्ञानाच्या तासाला आपण त्याला निरीक्षण करा, नोंद ठेवा, फसलेला प्रयोगही लिहा असे सांगतो. शाळेच्या मागेच चाललेल्या सर्वांत मोठ्या प्रयोगात मात्र निकालाचा रकाना ठेवत नाही. रोपे मेल्याचे दुःख आहेच, पण आमच्या टीकेचे मुख्य कारण हे आहे.

शिक्षकांवर वरून येणाऱ्या लक्ष्यांचा दबाव आम्ही जाणतो. शंभराचा आकडा मागितला असेल तर शंभर लावावेच लागतात. पण त्यांतील दहा रोपांचा खरा हिशेब ठेवायला कोणाचीही मनाई नाही.

दहा रोपांची वही

ही दहा रोपे त्याच परिसरात आपोआप उगवणाऱ्या जातींची असावीत. जागा निवडण्यापूर्वी मुलांना टेकडीवर न्यावे आणि न लावता उगवलेली रोपे शोधायला सांगावीत. पळसाचा किंवा खैराचा जुना ठोंब सापडला तर त्याभोवती काट्यांचे कुंपण करणे हीसुद्धा वृक्षलागवडच आहे, आणि बहुधा सर्वांत स्वस्त. खाली तयार मुळे असल्यामुळे तो ठोंब नव्या रोपापेक्षा लवकर डोके वर काढतो.

दहांपैकी पाच रोपांच्या आळ्यात वाळलेले गवत व पाचोळा चार बोटे जाड पसरावा, पाच उघडी ठेवावीत. कोणत्या रोपाला पाचोळा द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, म्हणजे चांगली रोपे नकळत एकाच बाजूला जाणार नाहीत. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला प्रत्येक रोपाची उंची, पानांची संख्या आणि जमिनीपासून बोटभर उंचीवर खोडाचा घेर दोरा गुंडाळून मोजावा. जमेल तेव्हा दुपारी दोन वाजता पाचोळ्याखालच्या आणि उघड्या मातीचे तापमान घ्यावे. शाळेत पर्जन्यमापक असेल तर रोजचा पाऊस लिहावा. नसेल तर सरळ भिंतींचा, सपाट बुडाचा डबा आणि पट्टी पुरते. महिन्याच्या बेरजेशेजारी दोन रकाने अवश्य ठेवावेत: सलग कोरडे दिवस जास्तीत जास्त किती गेले, आणि एका दिवसात जास्तीत जास्त किती पाऊस पडला. पानांच्या संख्येचा आलेख यांतील कोणत्या रकान्याशी जुळतो, हे वर्षअखेर मुलांनीच पाहावे.

एखादे रोप मेले तर त्याची ओळ खोडू नये. ते हलक्या हाताने उकरून मुळे पाहावीत. गुंडाळलेली आहेत का? कुजून काळी पडली आहेत का? वाळवी लागली आहे का? खाली किती गेली होती? दहा रोपांवरून कोणताही ठाम निष्कर्ष निघणार नाही, हेही मुलांना सांगावे. तालुक्यातल्या दहा शाळांनी अशाच वह्या ठेवल्या तर मात्र शंभर रोपांची, महिन्यागणिक, पावसाच्या नोंदीसह माहिती हाती येईल. खंडाळ्याच्या माळावर कोणते रोप कोणत्या पंधरवड्यात मान टाकते, हे मग आमच्यासारख्यांनाही त्या वह्यांतून शिकता येईल.

शिरवळच्या त्या शिक्षकांना आम्ही तेव्हा समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. रोपे कधी मेली हे त्यांना माहीत नव्हते आणि ते माहीत असल्याशिवाय का मेली हे सांगता येत नव्हते. निघताना त्यांनी वहीच्या कोऱ्या पानावर पट्टीने एक उभी रेघ मारली आणि वर लिहिले, 'आज जिवंत'. ती टेकडी चढून पुन्हा पाहायला जायचे आमच्याकडून राहिले आहे. या पावसाळ्यानंतर जायचे ठरवले आहे.